वाल्थर फ्लेमिंग

वाल्थर फ्लेमिंग (जन्म : २१ एप्रिल १८४३, मृत्यू : ४ ऑगस्ट १९०५) हे जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ आणि पेशीविज्ञानाच्या संस्थापकांपैकी एक होते. पेशीचे विभाजन होत असताना तिच्या केंद्रकातील द्रव्य घट्ट होऊन धाग्यांचे रूप घेते, प्रत्येक धागा लांबीत दुभंगतो आणि त्यातून दोन नवी केंद्रके तयार होतात, हा क्रम त्यांनी प्रथम तपशीलवार मांडला. या धाग्यांनाच आज गुणसूत्रे म्हणतात. ‘क्रोमॅटिन’ आणि ‘मायटोसिस’ म्हणजेच सूत्री विभाजन या दोन संज्ञा फ्लेमिंग यांनीच रूढ केल्या. पेनिसिलीनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग हे वेगळे शास्त्रज्ञ होत.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

फ्लेमिंग यांचा जन्म मेक्लेनबुर्ग संस्थानात श्वेरीन शहराजवळील झाक्सेनबेर्ग येथे झाला. हे ठिकाण आता श्वेरीन शहरातच समाविष्ट आहे. त्यांचे वडील कार्ल फ्रीडरिश फ्लेमिंग हे मानसोपचारतज्ज्ञ असून झाक्सेनबेर्ग येथील मनोरुग्णालयाचे संचालक होते. मनोरुग्णांना कोंडून न ठेवता त्यांच्यावर उपचार करावेत, या विचाराच्या त्या काळातील प्रमुख पुरस्कर्त्यांत त्यांची गणना होते. वाल्थर हे त्यांच्या दुसऱ्या पत्नी ऑगुस्ट यांचे एकुलते एक पुत्र होत. श्वेरीन येथे शिकत असताना हाइनरिश झाइडेल हे त्यांचे सहाध्यायी होते. झाइडेल पुढे अभियंता आणि लेखक म्हणून प्रसिद्धीस आले. दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली.

साहित्याची ओढ असूनही फ्लेमिंग यांनी वैद्यकाचा अभ्यास निवडला. तत्कालीन जर्मन प्रथेप्रमाणे त्यांनी एकाहून अधिक विद्यापीठांत शिक्षण घेतले आणि १८६८ मध्ये रोस्टॉक विद्यापीठातून ते वैद्यकाचे पदवीधर झाले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात त्यांनी लष्करी वैद्य म्हणून काम केले. युद्धानंतर मात्र ते रुग्णसेवेकडे न वळता सूक्ष्मदर्शकाखालील ऊतींच्या अभ्यासाकडे वळले. १८७३ ते १८७६ या काळात त्यांनी प्राग विद्यापीठात अध्यापन केले. १८७६ मध्ये उत्तर जर्मनीतील कील विद्यापीठात शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती झाली. तेथील शरीररचना संस्थेचे संचालकपदही त्यांच्याकडे होते. त्यांचे सर्व महत्त्वाचे कार्य कील येथे झाले.

तत्कालीन पेशीविज्ञानाची स्थिती

फ्लेमिंग यांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी त्यापूर्वीच्या चाळीस वर्षांतील मतभेद लक्षात घ्यावे लागतात. रॉबर्ट ब्राउन यांनी १८३१ मध्ये पेशीतील केंद्रकाला नाव दिले होते. सजीवांची शरीरे पेशींची बनलेली असतात, हा सिद्धांत १८३८-३९ मध्ये श्लायडेन आणि श्वान यांनी मांडला. परंतु नवी पेशी कशी उत्पन्न होते, याविषयी त्यांची कल्पना चुकीची होती. द्रावणातून स्फटिक तयार व्हावेत, तशा निराकार द्रव्यातून पेशी घडतात असे ते मानत. रॉबर्ट रेमाक आणि रुडॉल्फ फिर्खो यांनी १८५० नंतरच्या दशकात हे मत खोडून काढले. प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच निर्माण होते, हे तत्त्व मान्य झाले.

केंद्रकाचे काय होते, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. रेमाक यांच्या मते केंद्रक मध्यभागी आवळले जाऊन त्याचे दोन तुकडे होत. इतर अनेकांच्या मते विभाजनापूर्वी केंद्रक विरघळून नाहीसे होई आणि नव्या पेशींत नवी केंद्रके तयार होत. विभाजन सुरू झाले की जिवंत पेशीतील केंद्रकाची स्पष्ट कडा दिसेनाशी होते, त्यामुळे हे दुसरे मत स्वाभाविक वाटे. ते खरे असते, तर एका पिढीच्या केंद्रकातून दुसऱ्या पिढीच्या केंद्रकात काहीही टिकून जात नाही, असा निष्कर्ष निघाला असता. केंद्रकातील द्रव्य अखंड टिकते की प्रत्येक वेळी नव्याने घडते, हा त्यामुळे कळीचा प्रश्न होता.

१८७० नंतर काही संशोधकांना विभाजनाच्या वेळी केंद्रकाच्या जागी दांड्या किंवा धागे दिसू लागले होते. आंटोन श्नायडर यांनी १८७३ मध्ये चपट्या कृमीच्या पेशींत, तर एदुआर्द स्ट्रासबुर्गर यांनी १८७५ मध्ये वनस्पतींच्या पेशींत अशा आकृत्या वर्णन केल्या. या सुट्या चित्रांचा क्रम कोणता, आणि ती खरोखर पेशीतील आहेत की रसायनांनी निर्माण केलेली आहेत, याचा उलगडा झाला नव्हता.

संशोधनाची पद्धत

फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या डिंभांची निवड केली. या प्राण्याच्या पेशी आणि केंद्रके असामान्य मोठी असतात. आजच्या मोजमापानुसार त्याच्या केंद्रकातील डीएनए मानवाच्या सुमारे दहापट आहे. डिंभाचे कल्ले आणि शेपटीचा पातळ पर पारदर्शक असल्याने जिवंत ऊतीतील पेशी सरळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत. शिवाय वाढत्या डिंभात विभाजन पावणाऱ्या पेशींची वाण नसते.

पारदर्शक पेशीतील सूक्ष्म रचना रंगाविना ओळखणे कठीण असते. कापडउद्योगासाठी त्या काळी तयार होऊ लागलेले ॲनिलीन रंग सूक्ष्मदर्शनाला उपयोगी पडले. फ्लेमिंग यांना असे आढळले की, केंद्रकातील एक विशिष्ट द्रव्य हे रंग फार उत्सुकतेने शोषते. या द्रव्याला त्यांनी रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून क्रोमॅटिन हे नाव दिले. रंग न शोषणाऱ्या भागाला त्यांनी ॲक्रोमॅटिन म्हटले. पेशी आहे त्या स्थितीत थिजवून ठेवण्यासाठी त्यांनी क्रोमिक आम्ल, ऑस्मिक आम्ल आणि ॲसिटिक आम्ल यांचे मिश्रण तयार केले. फ्लेमिंग द्रावण या नावाने ते पुढील अनेक दशके प्रयोगशाळांत वापरले गेले.

रंगवलेली पेशी मृत असते आणि प्रक्रियेचा एकच क्षण दाखवते. जिवंत पेशीत प्रक्रिया अखंड दिसते, पण अंधूक. फ्लेमिंग यांनी या दोन्हींची सांगड घातली. ते एकच जिवंत पेशी दीर्घकाळ न्याहाळत आणि तिच्यात एकामागून एक दिसणाऱ्या आकृत्यांचा क्रम नोंदवत. त्यानंतर रंगवलेल्या पेशींतील आकृत्या त्या क्रमात बसतात का, हे ते तपासत. जी आकृती जिवंत पेशीतही दिसे, ती रसायनाने निर्माण केलेली नाही, हे त्यामुळे निर्विवाद ठरे.

गुणसूत्रांचे घनीकरण व सूत्री विभाजन

या अभ्यासाचे पहिले निष्कर्ष फ्लेमिंग यांनी १८७८-७९ पासून प्रसिद्ध केले. १८८२ मध्ये त्यांचा पेशीद्रव्य, केंद्रक व पेशीविभाजन या विषयावरील जर्मन ग्रंथ लाइपझिग येथे प्रकाशित झाला. त्यात मांडलेला क्रम पुढीलप्रमाणे होता.

विश्रांत केंद्रकात क्रोमॅटिन जाळीसारखे पसरलेले असते. विभाजन सुरू होताना ही जाळी विरघळत नाही. ती आवरत जाते आणि तिच्या जागी लांब, बारीक, वेटोळ्यांचा धागा दिसू लागतो. धागा हळूहळू आखूड आणि जाड होतो. केंद्रकाचे आवरण नाहीसे होते आणि धाग्याचे सुटे, वाकलेले तुकडे स्पष्ट दिसतात. हे तुकडे पेशीच्या मध्यभागी ताऱ्याच्या आकारात रचले जातात. त्यांच्या दोन्ही बाजूंना रंग न शोषणाऱ्या तंतूंची चातीसारखी रचना असते; तिला आता तुर्कतंतू म्हणतात. पुढे तुकड्यांचे दोन समूह होऊन ते विरुद्ध टोकांकडे सरकतात. तेथे ते पुन्हा सैल होतात आणि दोन नव्या केंद्रकांची जाळी तयार होते. दुसऱ्या अर्ध्या भागात पहिल्याच अवस्था जणू उलट क्रमाने परततात, ही गोष्ट फ्लेमिंग यांनी आवर्जून नोंदवली.

धागा या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी या प्रक्रियेला मायटोसिस असे नाव दिले. मराठीतील सूत्री विभाजन या संज्ञेतही तोच अर्थ आहे. पूर्वावस्था, मध्यावस्था आणि पश्चावस्था या आज शिकवल्या जाणाऱ्या अवस्थांची मूळ नावे स्ट्रासबुर्गर यांनी १८८४ मध्ये दिली, तर गुणसूत्र या अर्थाची क्रोमोसोम ही संज्ञा विल्हेल्म वाल्डायर यांनी १८८८ मध्ये सुचवली. फ्लेमिंग स्वतः त्यांना धागे किंवा फासेच म्हणत.

या वर्णनातून जुना वाद निकाली निघाला. केंद्रक नाहीसे होत नाही. त्यातील द्रव्य रूप बदलते आणि पुढच्या केंद्रकांत जाते. फिर्खो यांनी पेशींविषयी सांगितलेले तत्त्व फ्लेमिंग यांनी केंद्रकालाही लागू केले. प्रत्येक केंद्रक आधीच्या केंद्रकापासूनच उत्पन्न होते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

धाग्यांचे लांबीत दुभंगणे

फ्लेमिंग यांच्या निरीक्षणांपैकी सर्वांत दूरगामी ठरलेले निरीक्षण दिसायला अगदी लहान होते. आखूड झालेला प्रत्येक धागा आडवा तुटत नसून लांबीच्या दिशेने चिरला जातो आणि त्याचे दोन समांतर धागे होतात, असे त्यांना आढळले. हे दोन अर्धे भाग दोन वेगवेगळ्या नव्या केंद्रकांत जात असावेत, अशी शक्यता त्यांनी मांडली. एदुआर व्हान बेनेडेन यांनी गोलकृमींच्या अंड्यांत आणि एमिल ह्यूझर यांनी वनस्पतींत १८८३-८४ च्या सुमारास तसेच घडते हे दाखवून दिले.

या दुभंगण्याचा अर्थ विल्हेल्म रू यांनी १८८३ मध्ये उलगडला. केंद्रकातील द्रव्य सर्वत्र सारखे असते, तर त्याचे दोन भाग करण्यासाठी केंद्रक मधोमध आवळले जाणे पुरेसे होते. एवढी गुंतागुंतीची व्यवस्था अस्तित्वात आहे, त्याअर्थी धाग्याच्या लांबीवर निरनिराळे गुण ओळीने मांडलेले असावेत. धागा लांबीत चिरला तरच त्यातील प्रत्येक गुणाचा वाटा दोन्ही पेशींना मिळू शकतो. ऑगस्ट वाइझमान यांच्या आनुवंशिकतेच्या सिद्धांतालाही याच निरीक्षणांचा आधार मिळाला.

मर्यादा व चुका

फ्लेमिंग यांची सर्वच अनुमाने टिकली नाहीत. विभाजनाच्या आरंभी संपूर्ण केंद्रकात एकच सलग धागा असतो आणि नंतर त्याचे तुकडे होतात, असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात प्रत्येक गुणसूत्र आधीपासूनच स्वतंत्र असते. पसरलेल्या अवस्थेत ते वेगळे ओळखू येत नाही इतकेच. कार्ल राब्ल यांनी १८८५ मध्ये आणि त्यानंतर थिओडोर बोव्हेरी यांनी गुणसूत्रांच्या या सातत्याचा पुरस्कार केला. पेशीद्रव मूलतः तंतूंचा बनलेला असतो, हे फ्लेमिंग यांचे मतही पुढे मागे पडले.

मानवी गुणसूत्रांच्या मोजणीतही त्यांना पूर्ण यश आले नाही. सॅलॅमँडरच्या पेशींतील २४ धागे त्यांनी अचूक मोजले होते. मानवी डोळ्याच्या पारपटलातील पेशींत मात्र गुणसूत्रे लहान आणि एकमेकांत मिसळलेली असल्याने त्यांचा अंदाज खऱ्या संख्येच्या जवळपास निम्मा आला. मानवात ४६ गुणसूत्रे असतात हे जो हिन त्जिओ आणि आल्बर्ट लेव्हान यांनी १९५६ मध्ये सिद्ध केले.

मेंडेल यांच्या नियमांशी संबंध

ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील निबंध १८६६ मध्ये प्रसिद्ध झाला होता. फ्लेमिंग यांना त्याची माहिती नव्हती. आनुवंशिक घटक जोडीने असतात आणि अविकृत राहून पुढच्या पिढीत जातात, हे मेंडेल यांनी गणिताने दाखवले होते. पण हे घटक पेशीत कोठे असतात, हे त्यांना सांगता येत नव्हते. फ्लेमिंग यांनी तंतोतंत वाटणी होणारे धागे पाहिले होते. पण ते काय वाहून नेतात, हे त्यांना ठाऊक नव्हते. एकाच प्रश्नाची दोन अर्धी उत्तरे जवळजवळ वीस वर्षे एकमेकांपासून दूर राहिली. १९०० मध्ये मेंडेल यांचे नियम पुन्हा प्रकाशात आले आणि १९०२-०३ मध्ये बोव्हेरी आणि वॉल्टर सटन यांनी त्यांची गुणसूत्रांशी सांगड घातली. तेव्हा फ्लेमिंग हयात होते, परंतु त्यांचा संशोधनाचा काळ सरला होता.

अन्य संशोधन

लसिका ग्रंथींमध्ये पेशींची जलद वाढ होणारी क्षेत्रे फ्लेमिंग यांनी १८८४-८५ मध्ये वर्णन केली. जननकेंद्रे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या क्षेत्रांचे प्रतिकारशक्तीतील महत्त्व पुढे स्पष्ट झाले. अंडाशयातील पेशींमध्ये केंद्रक आकसून तुकडे होत नष्ट होते, असेही त्यांनी नोंदवले. नियोजित पेशीमृत्यूच्या आरंभीच्या वर्णनांत त्याचा समावेश होतो. धाग्यांविना होणाऱ्या केंद्रकाच्या सरळ विभाजनासाठी त्यांनी एमायटोसिस ही संज्ञा योजली.

वैयक्तिक जीवन

फ्लेमिंग अविवाहित होते. कील येथे ते त्यांच्या औदार्यासाठी परिचित होते. बेघर लोकांच्या निवाऱ्याला ते नियमित मदत करीत आणि आपल्या वेतनाचा सुमारे पाचवा हिस्सा त्यासाठी देत. शाळेत जाणे परवडत नसलेल्या मुलांना ते स्वतः गणित आणि विज्ञान शिकवीत. अखेरच्या वर्षांत त्यांची प्रकृती ढासळली. ४ ऑगस्ट १९०५ रोजी वयाच्या ६२ व्या वर्षी कील येथे त्यांचे निधन झाले.

घनीकरणाविषयीचे आधुनिक ज्ञान

पसरलेले क्रोमॅटिन आखूड धाग्यांत कसे आवळले जाते, हा फ्लेमिंग यांच्या निरीक्षणांतून उभा राहिलेला प्रश्न आजही संशोधनाचा विषय आहे. मानवाच्या एका पेशीत सुमारे २ मीटर लांबीचा डीएनए असतो. सर्वांत मोठ्या मानवी गुणसूत्रातील डीएनए ताणून सरळ केला तर तो सुमारे ८ सेंटिमीटर भरतो; मध्यावस्थेत ते गुणसूत्र सुमारे १० मायक्रोमीटर लांबीचे असते. घनीकरण झाले नाही, तर एवढे लांब धागे एकमेकांत न गुंतता व न तुटता दोन पेशींत वाटणे अशक्य होईल.

घनीकरणाची पहिली पायरी नेहमीच अस्तित्वात असते. हिस्टोन प्रथिनांच्या आठ घटकांच्या गटाभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेसजोड्या गुंडाळलेल्या असतात. या एककाला न्यूक्लिओसोम म्हणतात. विभाजनाच्या वेळी त्यापुढील काम कंडेन्सिन नावाची प्रथिनसंकुले करतात. तात्सुया हिरानो आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये बेडकाच्या अंड्यांच्या अर्कातून या संकुलाचे वर्णन केले. कंडेन्सिन डीएनएला धरून त्याचा फास ओढत मोठा करते. ही क्रिया एकेका रेणूवर प्रत्यक्ष घडताना २०१८ मध्ये पाहता आली. असे असंख्य फास एका अक्षाभोवती दाटीने रचले गेले की गुणसूत्र आखूड आणि जाड होते. टोपोआयसोमरेज-२ हे विकर डीएनएतील गुंते तात्पुरता छेद देऊन सोडवते. कोहेसिन हे प्रथिन दुभंगलेल्या दोन अर्धगुणसूत्रांना योग्य क्षणापर्यंत एकत्र बांधून ठेवते. फ्लेमिंग यांना दिसलेले लांबीतील दुभंगणे म्हणजे या दोन अर्धगुणसूत्रांचे वेगळे दिसू लागणे होय. डीएनएची प्रत त्याआधी, केंद्रक विश्रांत भासत असतानाच तयार झालेली असते.

वारसा

गुणसूत्रांची वाटणी चुकली की त्याचे परिणाम गंभीर असतात. डाऊन सिंड्रोम असणाऱ्या व्यक्तींत २१ व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, हे १९५९ मध्ये सिद्ध झाले. कर्करोगाच्या पेशींतही गुणसूत्रांची संख्या अनेकदा बिघडलेली आढळते आणि कर्करोगावरील काही औषधे तुर्कतंतूंवर परिणाम करून पेशींचे विभाजन रोखतात. या सर्व ज्ञानाचा पाया फ्लेमिंग यांनी निश्चित केलेल्या क्रमावर आहे. त्यांच्या १८८० च्या निबंधाचे इंग्रजी भाषांतर १९६५ मध्ये एका पेशीविज्ञानविषयक नियतकालिकाने प्रसिद्ध केले. त्यांच्या ग्रंथातील हाताने काढलेल्या आकृत्यांमधील अवस्थांचा क्रम आधुनिक सूक्ष्मदर्शकांनी टिपलेल्या चित्रांशी जुळतो. शालेय पाठ्यपुस्तकांत पेशीविभाजनाच्या ज्या आकृत्या विद्यार्थी काढतात, त्यांतही तोच क्रम असतो.